नसांच्या दुखण्यावरची झाडांची औषधं: दुकानातल्या मालाची पारख

आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात जाऊन "सायटिकासाठी काहीतरी द्या" म्हटलं की काउंटरवर बहुतेक वेळा चार वस्तू येतात. निर्गुंडी तेलाची बाटली, पारिजातकाच्या पानांची पुडी, सलईच्या डिंकाच्या कॅप्सूल (डबीवर 'शल्लकी' लिहिलेलं असतं) आणि त्रयोदशांग गुग्गुळ. तळपायांची आग होते, मुंग्या येतात अशी तक्रार घेऊन आलेल्या मधुमेहीलाही याच चार वस्तू मिळतात. घोळ इथूनच सुरू होतो, कारण ही दोन दुखणी एकाच जातीची नाहीत. सायटिकात मणक्याची गादी सरकून नसेचं मूळ दबतं आणि कुल्ल्यापासून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत चमक उतरते. मधुमेहात नसांची टोकं हळूहळू खराब होत जातात, आणि त्याची सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. दोन्हींत नस बिघडलेली असते, पण एकात तिच्यावरचा दाब सुटू शकतो आणि दुसऱ्यात साखर आवरल्याशिवाय काही थांबत नाही.

आधी निकाल सांगतो. तेल घेण्यासारखं आहे, पण चोळण्यासाठी. नस बरी होईल या आशेने घेऊ नये. पारिजातकाची पुडी विकत घेण्याची गरज नाही. शल्लकीचा पुरावा चांगला आहे, पण तो गुडघ्याचा आहे. गुग्गुळ इतर औषधं चालू असलेल्या माणसाने वैद्य आणि डॉक्टर दोघांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

निर्गुंडी तेलापासून सुरू करू. बाजारात सगळ्यात जास्त फरक याच वस्तूत आढळतो. शास्त्रोक्त पद्धतीत तीळ तेल एक भाग, निर्गुंडीच्या पानांचा स्वरस चार भाग आणि त्याच पानांचा कल्क तेलाच्या एक अष्टमांश. म्हणजे पाव लिटर तेलाला एक लिटर रस आणि साधारण 30 ग्रॅम वाटलेली पानं. निर्गुंडीचं पान फारसं रसाळ नाही. एक लिटर रस काढायचा तर टोपलीभर पानं कुटावी लागतात, तेही पाण्याचा हबका मारत. म्हणून बरेच जण रसाऐवजी काढा वापरतात: एक किलो ओली पानं, चार लिटर पाणी, आटवून एक लिटर. तसं केलं तर कल्क एक षष्ठांश घ्यायचा, म्हणजे पाव लिटर तेलाला 40 ग्रॅमच्या आसपास. दोन्ही रीती ग्रंथांत दिलेल्या प्रमाणातच बसतात.

घरी करताना तेल बिघडतं ते आचेमुळे. आच मोठी ठेवली की कल्क बुडाला लागून करपतो आणि वर पाणी तसंच राहतं. भांडं पसरट, जाड बुडाचं आणि निम्मंच भरलेलं असावं, कारण शेवटी तेलाला फेस येतो आणि तो झपाट्याने वर चढतो. तूप सिद्ध होताना फेस विरतो, तेल सिद्ध होताना येतो, हा फरक लक्षात ठेवावा. खरी परीक्षा कल्काची. तळाचा थोडा कल्क चिमटीत घेऊन वळून पाहायचा. त्याची वात वळली, बोटाला चिकटली नाही आणि ज्योतीवर धरल्यावर तडतडली नाही, तर तेल झालं. तडतड आली तर पाणी शिल्लक आहे. असं तेल बाटलीत भरलं की काही आठवड्यांत खवट वास येतो, कधी तळाला बुरशीही धरते. वात वळायच्या ऐवजी कल्काचा चुरा झाला तर पाक पुढे गेला, तेल खरपलं. तेल गरम असतानाच सुती कापडातून गाळून पूर्ण कोरड्या बाटलीत भरावं.

विकतच्या बाटलीची पारख त्यामानाने सोपी आहे. झाकण उघडल्यावर पहिला वास कशाचा येतो ते पाहा. नीट केलेल्या निर्गुंडी तेलाला तीळ तेलाचा आणि वाळक्या पाल्याचा उग्र, थोडा कडवट वास असतो. रंग काळपट हिरवा किंवा तपकिरी. झाकण काढताच नाकात पुदिना, कापूर किंवा मलमासारखी झणझण गेली, तर त्यात पुदिन्याचं सत्त्व किंवा गंधपुरा तेल आहे. मग चोळल्यावर येणारा थंडावा किंवा ऊब त्यांची. निर्गुंडीला त्याचं श्रेय देऊ नये. लेबलवर घटक वनस्पतीच्या शास्त्रीय नावासह द्यावे लागतात, तेव्हा 'व्हायटेक्स निगुंडो'पुढे किती आकडा आहे आणि तेल तिळाचंच आहे का, हे पाहूनच पैसे द्यावेत. आधारासाठी खनिज तेल असेल तर बाटली परत करावी.

गंधपुऱ्याबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. या तेलात 95 टक्क्यांहून जास्त मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे ॲस्पिरिनचा जवळचा भाऊबंद. शुद्ध गंधपुरा तेलाच्या एका चमच्यात, 5 मिलीत, सुमारे 7 ग्रॅम ॲस्पिरिनइतका सॅलिसिलेट भरतो. लहान मुलाच्या पोटात तो गेला तर जीव जाऊ शकतो. घरात लहान मूल असेल तर ती बाटली उंचावर ठेवा. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असलेल्या माणसाने असली तेलं अंगभर चोळू नयेत. त्वचेतून शिरलेला सॅलिसिलेटही रक्त जास्त पातळ करतो.

निर्गुंडीच्या पानांच्या अर्काने उंदरांमध्ये सूज आणि वेदना कमी होते, हे वेगवेगळ्या प्रयोगशाळांत दिसलं आहे. पण ते प्रयोग बहुतांशी अर्क पोटात देऊन केलेले आहेत. बाहेरून चोळलेल्या तेलाने माणसाच्या नसेचं दुखणं कमी होतं, असं दाखवणारी भक्कम चाचणी नाही. तरी चोळल्याने बरं वाटतं, यात खोटं काही नाही. स्पर्शाच्या संवेदना पाठीच्या कण्यात वेदनेच्या संवेदनांना अडवतात, हा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 साली मांडला आणि त्याचा गाभा आजही मान्य आहे. शिवाय सायटिकात कमरेचे आणि कुल्ल्याचे स्नायू आखडलेले असतात. ते सैल झाले की दुखणं काही तास हलकं होतं. तेल कोमट करायचं ते बाटली गरम पाण्यात ठेवून, गॅसवर धरून नाही. 5 ते 10 मिली तेल कमरेला आणि कुल्ल्याला दहा-पंधरा मिनिटं पुरतं. नागिणीचे फोड असलेल्या जागी ते लावू नये. नागीण उठली की पहिल्या 72 तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू होणं महत्त्वाचं असतं, तेलाच्या नादात तो वेळ जातो.

तेलानंतर शेक घ्यायची रीत आहे, आणि सगळ्यात मोठा अपघात तिथेच होतो. एरंडाचं किंवा रुईचं पान तव्यावर गरम करून बांधणं, गरम विटेवर पाय ठेवणं, गरम पाण्यात पाय सोडून बसणं. सायटिकाच्या माणसाला चटका बसला तर तो पाय मागे घेतो. ज्या मधुमेहीच्या तळव्याला स्पर्श कळत नाही, त्याला भाजलेलंही कळत नाही. दुसऱ्या दिवशी फोड दिसतो आणि पुढे जखम भरता भरत नाही. शेक घ्यायचाच असेल तर पाण्याचा गरमपणा घरातल्या दुसऱ्या कोणीतरी कोपराने पाहावा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, म्हणून पान तोडल्यावर आधी हात धुवावेत.

पारिजातकाकडे वळू. गृध्रसीवर, म्हणजे आजच्या भाषेत सायटिकावर, शेफालिकेच्या पानांचा मंद आचेवर केलेला काढा द्यावा असं चक्रदत्त या जुन्या आयुर्वेद ग्रंथात आहे. शेफालिका म्हणजे पारिजातक की निळी निर्गुंडी, यावर वैद्यांत जुना वाद आहे, त्यामुळे कोणी पारिजातक देतो, कोणी निर्गुंडी. घरगुती रीत अशी: पाच-सहा पक्व पानं धुऊन, हाताने चुरून, दोन कप पाण्यात मंद आचेवर अर्धा कप होईपर्यंत आटवायची. वीस मिनिटं लागतात. ही पानं पॉलिशपेपरसारखी खरखरीत असतात. त्यांची लव काढ्यात उतरून घशाला टोचते, म्हणून गाळणीवर न भागवता कापडातून गाळावं. चव कडू, आणि ती लपत नाही. गूळ घालून लपवायला गेलात तर मधुमेही माणसाच्या बाबतीत सगळाच हेतू फसतो.

उंदरांमध्ये या पानांच्या अर्काने सूज, वेदना आणि ताप कमी झाल्याचं 1980च्या दशकात भारतीय संशोधकांनी दाखवलं. त्याच कामात आणखी एक गोष्ट दिसली, ती पुडीवर कधी छापलेली नसते: अर्क सलग काही दिवस दिल्यावर उंदरांच्या जठरात व्रण झाले. म्हणजे वेदनाशामक गोळ्यांचा गुण आला तसा त्यांचा दोषही आला. त्यामुळे "सकाळी अनशापोटी घ्या" हा सल्ला आम्हाला पटत नाही. जेवणानंतर घ्यावा, आणि डायक्लोफिनॅक किंवा नॅप्रोक्सेनसारखी वेदनाशामक गोळी चालू असताना मुळीच घेऊ नये. पित्ताचा जुना त्रास असेल तर हा काढा सोडून द्यावा. दोन आठवड्यांत फरक वाटला नाही तर पुढे ओढण्यात अर्थ नाही. पुडी का घेऊ नये, तर वाळलेल्या भरडीत पान कोणतं आहे हे ओळखता येत नाही, आणि पारिजातकाचं झाड आपल्याकडे दर दुसऱ्या सोसायटीच्या कुंपणाला असतं.

सायटिकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर कुठल्याही औषधाची पारख चुकते. गादी सरकून उठलेली कळ बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत आपोआप बरीच कमी होते. सरकलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं. डबीवर 'पंचेचाळीस दिवसांचा कोर्स' लिहिलेला असतो, तो नेमका याच काळात बसतो. काढा, कॅप्सूल, शेजाऱ्याने सांगितलेला पट्टा, सगळ्यांना यश मिळतं. म्हणूनच अशा दुखण्यात तुलनेसाठी दुसरा गट नसलेल्या चाचणीला काडीची किंमत नाही. जवळजवळ सगळ्या 'पाहा, आराम पडला' छापाच्या अभ्यासांत दुसरा गट नसतो.

शल्लकीची गोष्ट वेगळी. सलईचं झाड आपलंच. विदर्भातल्या, सातपुड्यातल्या कोरड्या जंगलांत ते भरपूर आहे. खोडाला खाच दिली की सुवासिक डिंक पाझरतो. त्यातली बॉस्वेलिक आम्लं सूज वाढवणाऱ्या एका एन्झाइमला, फाइव्ह-लिपॉक्सिजिनेजला, अडवतात. नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात झालेली चाचणी 2003 साली प्रसिद्ध झाली: गुडघ्याच्या झिजेचे 30 रुग्ण, 333 मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीनदा, आठ आठवडे, नंतर गटांची अदलाबदल. कोण खरी कॅप्सूल खातंय हे रुग्णाला माहीत नव्हतं आणि डॉक्टरलाही नव्हतं. दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालणं वाढलं. एक्स-रेमध्ये काही बदल झाला नाही, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहिलं. पुढे 2008 साली 75 रुग्णांवर 90 दिवसांची दुसरी चाचणी आली, तिचाही कौल याच बाजूचा.

हे सगळं गुडघ्याचं. तीच डबी 'नसांच्या वेदनेवर' म्हणून विकली जाते तेव्हा गुडघ्याचा पुरावा पायाच्या नसेला लावला जातो. गुडघ्याच्या दुखण्यात सूज हा मोठा भाग असतो. नसेच्या दुखण्यात नसच खोटे निरोप पाठवत असते. सूज उतरवणाऱ्या ॲलोपॅथीच्या गोळ्याही नसेच्या दुखण्यात फारशा चालत नाहीत, मग त्याच वाटेने जाणाऱ्या डिंकाकडून जास्त अपेक्षा का धरायची? ज्याला गुडघाही आहे आणि सायटिकाही आहे, त्याने गुडघ्यासाठी घ्यावी. घेताना डबीवर बॉस्वेलिक आम्लांची टक्केवारी लिहिलेली असावी; नुसतं 'शल्लकी 500 मिलिग्रॅम' म्हणजे कच्चा डिंक की अर्क, काही कळत नाही. तूप-तेल असलेल्या जेवणासोबत घेतली तर ती रक्तात बरीच जास्त उतरते, उपाशीपोटी घेतलेली बहुतांशी वाया जाते. वॉरफरिनसोबत घेऊ नये.

त्रयोदशांग गुग्गुळात बारा औषधं आणि तेरावा गुग्गुळ. बाभूळ, अश्वगंधा, गुळवेल, शतावरी, गोखरू, रास्ना, सुंठ वगैरे बारा समभाग, त्यांच्या एकूण वजनाइतका गुग्गुळ आणि गुग्गुळाच्या निम्मं तूप. म्हणजे गोळीत सगळ्यात मोठा वाटा गुग्गुळाचा. गुग्गुळाचं झाड राजस्थान-कच्छच्या रुक्ष भागातलं. डिंकासाठी खोलवर खाचा घालून ते इतकं मारलं गेलं की आज अतिसंकटग्रस्त प्रजातींत मोडतं. साहजिकच बाजारात भेसळ वाढली, आणि भलताच डिंक गुग्गुळ म्हणून विकला जातो. गोळीत खरा गुग्गुळ किती, हे ग्राहकाला तपासता येत नाही, म्हणून स्वस्त डबीच्या मोहात पडू नये.

नसेच्या दुखण्यावर गुग्गुळाचा पुरावा शल्लकीपेक्षाही पातळ आहे. मात्र त्याचे उपद्रव चांगले नोंदलेले आहेत. रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम ही औषधं गुग्गुळाच्या अर्कासोबत घेतल्यावर रक्तात कमी उतरतात, हे भारतीय संशोधकांनी 1994 सालीच दाखवलं. अमेरिकेत 103 जणांवर कोलेस्टेरॉलसाठी चाचणी झाली, 2003 साली. त्यात वाईट कोलेस्टेरॉल उतरायच्या ऐवजी थोडं वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ आलं. गोळीतल्या गुळवेल आणि अश्वगंधा या दोघांबद्दलही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीच्या सहा रुग्णांचा अहवाल तर मुंबईतलाच, कोरोनाच्या काळातला. सगळ्यांना असं होतं असं नाही. पण डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर गोळी त्याच दिवशी बंद. गरोदर बाईने गुग्गुळ घेऊ नये.

बाकीच्यांवर फार वेळ घालवायला नको. दशमूळ काढ्यातली मोठी पाच मुळं झाडांचीच: बेल, ऐरण, टेटू, पाडळ, शिवण. मुळाची साल काढायची तर झाड जातं, म्हणून भरडीत बऱ्याचदा खोडाची सालच असते. शेवग्याच्या कॅप्सूलऐवजी पाल्याची भाजी खावी. लवंग तेलातलं युजेनॉल दाताच्या नसेला खरोखर बधिर करतं, दंतवैद्य ते रोज वापरतात. पण चेहऱ्यावर वीज चमकल्यासारखी जी कळ येते, तिच्यावर लवंग चालत नाही.

ज्या वनस्पतीचा पुरावा नसेच्या दुखण्यात सगळ्यात पक्का आहे, ती झाड नाहीच: मिरची. तिच्यातल्या तिखट द्रव्याचं, कॅप्सेसिनचं, 0.075 टक्क्यांचं मलम दिवसातून तीन-चार वेळा लावलं तर आग कळवणारी नसांची टोकं हळूहळू थकतात. पहिले काही दिवस उलट जास्त जळतं, बहुतेक जण तिथेच ट्यूब फेकून देतात. लावल्यावर हात साबणाने धुवायचे, फुटलेल्या त्वचेवर लावायचं नाही. डॉक्टरांच्या गोळ्याही जादू नाहीत. 2015 साली झालेल्या मोठ्या आढाव्यात एमिट्रिप्टिलीनच्या गटातली औषधं साधारण चार जणांना दिली तर एकाचं दुखणं निम्म्यावर आलं; प्रीगॅबॅलिनला त्यासाठी आठ जण लागले. सायटिकात तर प्रीगॅबॅलिन 209 रुग्णांच्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, तरी आपल्याकडे ते चण्या-फुटाण्यासारखं लिहून दिलं जातं.

दुकानात जाण्याआधी तीन तपासण्या करून घ्याव्यात: तीन महिन्यांची साखर, थायरॉइड आणि बी-12. शाकाहारी घरांत, विशेषतः वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, पायाच्या मुंग्या बी-12 कमी पडल्याने येतात आणि त्यावर कोणत्याही झाडाची साल लागू पडत नाही. त्वचेवर फिकट, बधिर चट्टा असेल तर सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाची तपासणी करावी. ती आणि औषध दोन्ही फुकट मिळतात. लघवी अडली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पाऊल लटकू लागलं, तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठावं.

आणि शेवटी दुकानदार "जरा जालीम देतो" म्हणत ज्या गोळ्या काढतो, त्या. नावाच्या शेवटी 'रस' असलेल्या: एकांगवीर रस, वातविध्वंस रस. या झाडाच्या औषधांच्या शेजारीच मांडलेल्या असतात, पण त्या धातूंच्या आहेत. एकांगवीरात नागभस्म पडतं, आणि नाग म्हणजे शिसं. शिसं अंगात साठलं की स्वतःच नसा मारतं. मनगट लुळं पडणं हे त्याचं ठरलेलं लक्षण. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इंटरनेटवरून घेतलेल्या 193 आयुर्वेदिक औषधांपैकी पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. रसकल्पांत, म्हणजे धातू घालून केलेल्या औषधांत, हे प्रमाण 40 टक्क्यांवर होतं. घटकांच्या यादीत पारद, नाग किंवा भस्म दिसलं तर डबी काउंटरवरच ठेवावी. अशा गोळ्या काही महिने घेऊन झाल्या असतील तर रक्तातलं शिसं तपासून घ्यावं. शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळांत ती तपासणी होते.